बिनखांबाचा हॉल

गिरीराजअण्णांच्या ऑफिसात भुतं होती आणि ती सगळ्यांना चालत होती. बंगळुरातल्या इंदिरानगरात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर हे ऑफिस. खाली पफ भाजले जायचे, वर इमारती उभ्या राहायच्या, अर्थात कॉम्प्युटरच्या पडद्यावर. भुतांचा मुक्काम या पडद्यावरच्या इमारतींत.

त्याचं असं होतं. इमारतीचा हिशेब करणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामला एक जुनी खोड होती. भिंत म्हणा, कपाटांची रांग म्हणा, रेषेत बसणारं वजन तो थेट स्लॅबवर घेत नसे. आधी बीम दाखवा, मग वजन ठेवा, असा त्याचा हट्ट. फार वर्षांपूर्वी अण्णांनी त्यावर तोड काढली होती. जिथं बीम नाही तिथं एक खोटा बीम काढायचा आणि वजन त्याच्या डोक्यावर ठेवायचं. त्यानं ते मुकाट्यानं खालच्या स्लॅबला द्यायचं आणि स्वतः नामानिराळं राहायचं. हा बीम ना कधी साइटवर बांधला जाणार, ना ड्रॉइंगवर दिसणार. म्हणून त्याचं नाव भूत. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला अण्णा पहिल्याच दिवशी बजावत, "भुताला स्वतःचं वजन द्यायचं नाही आणि हाडंपण द्यायची नाहीत. सरी? कळलं?"

हाडं म्हणजे ताकद. भुतानं निरोप पोचवावा, ओझं उचलू नये, एवढाच त्याचा अर्थ.

अश्लेषानंही हे ऐकलं होतं. ती निपाणीची. बंगळुरात आल्यापासून एचएसआर लेआउटात दोन मैत्रिणींबरोबर राहायची, डबा स्वतः करायची आणि अण्णांच्या ऑफिसात इतरांच्या इमारती निस्तरायची. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ज्या बारक्या चौकटी असतात, त्यांतल्या 'रेखाटन' या चौकटीत तिचं नाव कितीदा आलं असेल त्याला गणती नाही. 'डिझाइन'च्या चौकटीत मात्र कायम अण्णा. ती काही हावरट नव्हती, पण त्या चौकटीकडे तिचा डोळा होता, हे खोटं कशाला बोला?

आणि मग समाजाचा हॉल आला. अण्णांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात इकडे आले आणि इकडचेच झाले. अशा घरांची एक जुनी संस्था होती. तिला नवीन कार्यालय बांधायचं होतं. खाली लग्नाचा हॉल आणि वरच्या मजल्यावर विठोजींच्या नावानं वाचनालय. विठोजी संस्थेचे माजी अध्यक्ष, मोठे वाचणारे गृहस्थ. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं, सकवारबाईंनी, आपला रिकामा प्लॉट संस्थेला देऊन टाकला. सगळे त्यांना अक्का म्हणत. देताना अक्कांनी अट घातली ती एकच. हॉलमध्ये खांब नको.

"हे तू कर," अण्णा अश्लेषाला म्हणाले. "सगळं तूच. डिझाइनच्या चौकटीत तुझं नाव."

त्या दिवशी अश्लेषानं खालच्या बेकरीतून सगळ्यांसाठी दिलपसंद आणलं. अण्णांना साखर वर्ज्य होती, तरी त्यांनीही एक तुकडा खाल्ला.

अक्का एकदा स्वतः जिना चढून ऑफिसात आल्या. वय झालेलं, पण पाठ ताठ. पडद्यावर हॉल फिरताना त्यांनी शांतपणे पाहिला आणि मधोमध बोट टेकवलं.

"इथं काय येत नाही ना गं?"

"काही नाही, अक्का."

"नक्की? खांब बेडा म्हणजे बेडा. मला नको तो."

"एकसुद्धा येणार नाही. माझा शब्द."

अण्णा मागून खाकरले. अक्का गेल्यावर म्हणाले, "इंजिनिअरनं शब्द देऊ नये. हिशेब द्यावा." पण शब्द तोंडातून गेला होता, आणि अक्कांनी तो पदराला बांधून नेला होता.

हॉल मोठा, खांब नाही, वर पुस्तकं. सगळा भार हॉलवरून आडवे जाणाऱ्या लांब बीमांवर. अश्लेषानं मन लावून काम केलं. कपाटांच्या प्रत्येक रांगेखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एकेक भूत टाकलं. प्रोग्राम चालवला तर लांब बीम हिरवेगार. हिरवा म्हणजे झेपतंय, लाल म्हणजे झेपत नाही. ड्रॉइंग निघाली, पाया भरला गेला, सगळं सुरळीत चाललं होतं.

अशा वेळी संस्थेचे सेक्रेटरी पिराजी यांना वाटलं, एवढा मोठा हॉल बिनखांबाचा उभा राहतोय, तर आणखी कुणाकडून तरी तपासून घ्यावा. त्यात चूक काही नव्हती. काम महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीकडे गेलं. तिथं तपासणीला दयानंद होता. तो खानापूरचा, अश्लेषाच्या कॉलेजातला, एका वर्षानं पुढचा.

पण दयानंदच्या ऑफिसात प्रोग्राम निराळा. एका प्रोग्राममधली इमारत दुसऱ्यात न्यायची तर मधल्या फाइलमधून न्यावी लागते. ही मधली फाइल म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोन्हीकडे गोड बोलणार आणि नेमकं सांगायचं तेच गिळणार. अश्लेषानं फाइल पाठवली आणि ती विसरूनही गेली.

दोन-तीन दिवसांनी फोन आला.

"अश्लेषा, बसलीस का?"

"उभी आहे."

"मग बस की. तुझे लांब बीम लाल झालेत. सगळेच्या सगळे."

"काहीतरीच काय! माझ्याकडे हिरवे आहेत."

"असतील. माझ्याकडे टोमॅटोची पाटी ओतलीय बघ. हॉलच्या मधे दोन कॉलम दिल्याशिवाय हे जमणार नाही, असं मला लिहावं लागतंय."

त्यानं ते लिहिलं, आणि नियमाप्रमाणे एक प्रत पिराजींना गेली. पिराजींचा फोन अण्णांना लगेच आला. "अहो, टाका की दोन खांब! फुलांच्या माळा गुंडाळल्या की कोण बघतंय? शनिवारी मीटिंग आहे, ठराव करून टाकू." बिचाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना फक्त काम संपवायचं होतं.

अश्लेषाची पहिली इमारत, पहिली चौकट, आणि अक्कांना दिलेला शब्द, सगळं एकदम हातातून निसटायला लागलं होतं. पण तिला खात्री होती. आपला हिशेब बरोबर आहे, मॉडेल इकडून तिकडे नेताना वाटेत काहीतरी सांडलंय. काय सांडलं ते शोधायचं, बस्स.

ती रिक्षा करून थेट महादेवपुऱ्याला गेली. रस्ता तुंबलेला. रिक्षावाला दर सिग्नलला मागं वळून "स्वल्प ॲडजस्ट माडी, मॅडम", म्हणजे जरा सांभाळून घ्या, असं म्हणत होता, जणू ट्रॅफिक तिच्याच पायांत अडकलं होतं.

दयानंदनं दोन पडदे शेजारी शेजारी लावले. एकावर तिची इमारत, दुसऱ्यावर तिचीच इमारत, पण सासरी गेलेली. कॉलम मोजले, जुळले. मजले जुळले. कपाटांचं वजनही जागच्या जागी होतं. मग तिनं वाचनालयाचा मजला मोठा करून पाहिला आणि ओरडली, "माझी भुतं कुठायत?"

"काय?"

तिनं समजावून सांगितलं. दयानंद आधी ऐकत राहिला आणि मग इतका हसला की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. घडलं होतं ते असं. भुतांसाठी तिनं काँक्रीटचा एक खास प्रकार बनवला होता, त्याचं नावही 'भूत'च. दयानंदच्या प्रोग्रामला असला प्रकार माहीत नव्हता. ओळख ना पाळख, म्हणून त्यानं भुतांना दारातच अडवलं आणि कपाटांचं वजन सरळ स्लॅबवर ठेवलं, कारण त्याला ते जमत होतं.

"आमचा प्रोग्राम नास्तिक आहे गं," दयानंद डोळे पुसत म्हणाला.

नास्तिकाला भुतांची ओळख करून दिली. फाइल पुन्हा आत घेतली, भुतं जागच्या जागी येऊन बसली, हिशेब चालवला. हिरवं! दोन्ही पडद्यांवर तोच हिरवा, आकडेही सख्ख्या भावांसारखे. दयानंदनं तिथल्या तिथं मेल टाकली की आधीचा रिपोर्ट मागे घेतो, फाइल नेताना गडबड झाली होती, खांबांची गरज नाही. अश्लेषानं अक्कांना फोन लावला.

"अक्का, खांब नाही. नक्की झालं."

अक्का हळूच म्हणाल्या, "देव तुझं बरं करो, बाळ," आणि फोन ठेवला. अश्लेषाला इतकं भरून आलं की ती उगाच खिडकीकडे गेली.

मग दोघं खालच्या दर्शिनीत गेले. उभ्यानं खायची टेबलं, वाफाळती इडली, छोट्या ग्लासातली कॉफी. दयानंद रंगात आला होता.

"काय नशीब बघ तुझं! भुतं गेली तर इमारत कोसळली, भुतं आली तर उभी राहिली."

अश्लेषा हसली. मग हसायची थांबली. कॉफीचा ग्लास तिनं तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

भुतं असली काय नि नसली काय, इमारतीला फरक पडताच कामा नये. म्हणून तर ती भुतं. आणि इथं तर ती गेल्याबरोबर सगळं लाल झालं होतं. निरोप्या कामावर आला नाही म्हणून घर कधी पडतं का? पडलं, तर तो निरोप्या नव्हताच, खांदा देणारा होता.

तिनं मागचं आठवून पाहिलं. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, तेव्हा अण्णांच्या वेळचं तयार भूत तिच्यात उघडेना. म्हणून तिनं नवीन बनवलं होतं. वजन शून्य केलं, ते नीट आठवत होतं. आणि हाडं? हाडं तशीच राहिली होती. तिची भुतं चांगली धष्टपुष्ट होती. कपाटांचा सगळा भार ती परस्पर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नेऊन टाकत होती आणि लांब बीम आरामात हिरवे दिसत होते. साइटवर ही भुतं नसणार. तिथं तो भार लांब बीमांवरच येणार, आणि त्यांना तो झेपणार नाही.

"दया, तुझा पहिला रिपोर्ट बरोबर होता."

"ए बाई, मी आत्ताच ओके पाठवलाय!"

"परत घे."

तिनं सांगितलं. दयानंदच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. इडलीचा उरलेला तुकडा त्यानं चटणीत बुडवला आणि तसाच ठेवला. "आता दोन्ही प्रोग्राम एकच सांगतात," तो खाली बघत म्हणाला. "तू बोलली नाहीस तर कुणाला कळणारसुद्धा नाही. गप्प बस असं म्हणत नाही मी. आहे ते सांगतोय."

अश्लेषाच्या मनात ते येऊन गेलं नाही असं नाही. हिशेबात जरा जास्तीचं धरलेलं असतंच, कदाचित उभीही राहील इमारत. आणि आत्ताच अक्कांना सांगून झालंय. पण मग तिच्या डोळ्यांपुढं भरलेला हॉल आला, जेवणाच्या पंगती, पळापळ करणारी पोरं, आणि त्यांच्या डोक्यावर पुस्तकांनी खच्चून भरलेला मजला, ज्याला खरं तर कुणीच धरलेलं नाही.

"मी जातो," ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडी निपाणी येई, आणि निपाणीत बायकाही 'जातो'च म्हणतात. "अण्णांना सांगतो."

अण्णांनी ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा बराच वेळ न्याहाळला. मग दोन शब्द बोलले, "हाडं राहिली." ते दोन शब्द तिला दहा थपडांसारखे लागले. त्यानंतर मात्र अण्णांनी तिला यथासांग झाडलं, मराठीत सुरुवात करून कन्नडमध्ये शेवट केला, आणि दम लागल्यावर दोघांसाठी चहा मागवला.

बाकीचा दिवस दोघांनी वाटा शोधण्यात घालवला. बीम जाड करावेत तर हॉलची उंची जाते आणि वजन वाढतं. वाढलेलं वजन बाजूच्या पायाला झेपत नाही, आणि तो तर भरून झाला होता. भुतं खरोखर बांधावीत तर तेच रडगाणं. कपाटं कमी करावीत तर ते वाचनालय कसलं? पुस्तकं माणसांपेक्षा जड असतात. शेवटी दोनच गोष्टी उरल्या. वर वाचनालय हवं असेल, तर हॉलमध्ये दोन खांब. खांब नको असतील, तर वाचनालय नाही.

"डिझाइनच्या चौकटीत नाव पाहिजे होतं ना?" अण्णा म्हणाले. "मग उद्या सांगायचंपण तूच. मी शेजारी बसतो."

शनिवारची मीटिंग संस्थेच्या जुन्या कार्यालयात होती. ठेंगणी इमारत, समोर छोटं स्टेज, आणि स्टेजच्या पुढ्यात, हॉलच्या ऐन मध्ये, एक जाडजूड चौकोनी खांब. अश्लेषा तिथं पहिल्यांदाच येत होती. कमिटीची माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती, अक्का पहिल्या रांगेत.

अश्लेषा उभी राहिली. तिनं काहीही गुळमुळीत न करता सांगितलं. चूक माझी आहे, तपासणी करणाऱ्यांची नाही आणि प्रोग्रामचीही नाही. मी अक्कांना शब्द दिला होता, तो मला पाळता येत नाही. मग तिनं त्या दोन गोष्टी पुढं ठेवल्या. बोलताना तिनं अक्कांकडे पाहिलं नाही. तेवढं तिच्यानं झालं नाही.

पिराजींनी हात चोळले. "मग यात विचार कसला? खांब टाकायचे. वाचनालय विठोजीअण्णांच्या नावाचं आहे, ते रद्द करायचं म्हणजे काय! अक्काच कबूल होणार नाहीत." बाकीच्यांनी माना डोलावल्या. अश्लेषालाही वाटलं, बरोबर आहे. कुठली बायको नवऱ्याचं नाव पुसायला हो म्हणेल?

अक्का उठल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलली. कुणीतरी मदतीला धावलं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. खुर्ची घेऊन त्या खांबाच्या मागं गेल्या आणि तिथं बसल्या.

"पिराजी, दिसते का मी?"

"नाही, अक्का."

"मलापण स्टेज दिसत नाही." खांबामागून आवाज येत होता, अगदी सावकाश. "माझ्या संयोगिताच्या लग्नात मला इथं बसवलं. हे जाऊन वर्ष झालं होतं. कुणी वाईट बोललं नाही हं. 'अक्का, इथं पंख्याचं वारं लागतंय, इथं बसा' म्हणाले. खुर्चीपण पुसून दिली. पोरीला मंगळसूत्र बांधलं ते मला वाजंत्र्यांवरून कळलं."

पिराजी आपल्या हातांकडे बघत होते. खुर्ची कुणी पुसून दिली होती, हे कुणालाही विचारावं लागलं नाही.

"तेव्हापासून बघते मी. प्रत्येक लग्नात इथं एक खुर्ची असते. सुशीला बसते, नागव्वा बसते. बसवणारी माणसं चांगलीच असतात. खांब आहे ना, म्हणून जमतं. खांबच नसला तर कुठं बसवाल? सगळ्यांसमोर 'तू बाहेर जा' म्हणायला तुमची तोंडं उठणार नाहीत, मला माहीत आहे."

"पण अक्का," पिराजी कसंबसं म्हणाले, "विठोजीअण्णांचं नाव..."

"पुस्तकं माझ्या घरी आहेत, तिथंच राहू देत. ज्याला वाचायचं त्यानं यावं, मी कॉफी देईन. हे चांगलेच होते रे. पण जन्मभर पहिल्या रांगेत बसले. आता स्वल्प मागं बसले तर काही बिघडत नाही. वाचनालय काढा."

अश्लेषाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही. शेजारी अण्णा भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे फार लक्ष देऊन बघत होते.

पिराजी उठले. खांबाला वळसा घालून मागं गेले आणि अक्कांच्या खुर्चीच्या हाताला हात घातला. "चला अक्का, पुढं चला."

"राहू दे," अक्का म्हणाल्या. "आज मी इथंच बसते. तुम्ही ठराव मोठ्यानं वाचा. इथं नीट ऐकू येत नाही."

पिराजी परत जागेवर आले, चष्मा लावला आणि त्यांनी बिनखांबाच्या हॉलचा ठराव मोठ्यानं वाचला.